एकाच गॅसपासून पिशवी, पाइप आणि मेण

दुधाची पिशवी, उसाच्या फडातली ठिबकची नळी, पाण्याचा घट्ट काळा पाइप. या सगळ्यांचा कच्चा माल मुख्यतः एकच: इथिलीन नावाचा गॅस. मग एक मऊ आणि दुसरा कडक कसा, असे मंडळात मुले विचारतात, म्हणून आम्ही हे थोडे उलगडून लिहीत आहोत.

गॅसचे रेणू एकापुढे एक जोडण्याचे काम उत्प्रेरकातला धातूचा अणू करतो. तो काउंटरवरचा कारकून समजा. त्याच्याभोवती धरून बसलेला सेंद्रिय रेणू म्हणजे लिगंड, काउंटरची जाळीच म्हणा. त्या जाळीवर कोणते छोटे अणुगट बसवले आहेत, यावर पुढचे बरेच काही ठरते.

1953 च्या सुमारास जर्मनीत म्युलहाइमला कार्ल त्सिग्लर यांच्या प्रयोगात साखळी वाढेनाशी झाली. दोन रेणू जुळले की काम थांबे. कारण निघाले भांड्यात राहिलेले किंचित निकेल! त्या शोधातूनच पुढे टायटॅनियमचा उत्प्रेरक आणि 1963 चे नोबेल आले. निकेल मात्र बदनाम राहिले. 1995 साली अमेरिकेत मॉरिस ब्रुकहार्ट यांच्या गटाने त्याच निकेलला जाडजूड गटांचा लिगंड दिला. धातूच्या वरची-खालची वाट अडली, साखळी तोडणाऱ्या रेणूला शिरायला जागा उरली नाही आणि साखळी लांबत गेली. शिवाय निकेल साखळीवर मागे सरकून मधूनच जोडणी करते, त्यामुळे फांद्या फुटतात. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना बिलगत नाहीत, म्हणून माल मऊ होतो.

लोखंडाचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. 1998 साली ब्रुकहार्ट आणि लंडनचे व्हर्नन गिब्सन यांनी ते वेगवेगळे मांडले. त्यांच्या लिगंडला दोन्ही बाजूंना एकेक कडे असते आणि प्रत्येक कड्यावर धातूलगत दोन जागा. दोन्ही जागी योग्य जाड गट बसवले, तर सरळ लांब साखळीचे घट्ट पॉलिथिन मिळते. एकाच जागी लहानसा मिथिल ठेवून दुसरी मोकळी सोडली, तर आखूड तुकडे, पातळ द्रव किंवा मेणासारखे. तेही वाया जात नाहीत, डिटर्जंटला लागतात.

आपल्या महामार्गाने गेल्यास लागणाऱ्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. एस. शिवराम यांच्या गटाने मेटॅलोसिन आणि निकेलच्या अशा उत्प्रेरकांवर काम केले आहे.

घरातल्या डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. 2 असेल तर सरळ साखळीचे घट्ट पॉलिथिन, 4 असेल तर फांद्यांचे मऊ. भंगारात देताना दोन्ही वेगळे ठेवावेत.