वास गेला म्हणजे विष गेलं?

धुळे-शिरपूरकडे गहू आणि दादर ज्वारी घरात आली की कोठीत सल्फासच्या गोळ्या टाकणारी माणसं आजही भेटतात. दोन दिवस लसणासारखा उग्र दर्प येतो. तो विरला की ‘आता काही भीती नाही’ असं समजून त्याच खोलीत अंथरुणं पडतात. मला सगळ्यांत जास्त धास्ती याच समजाची वाटते.

गोळी असते ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम. शुद्ध फॉस्फिनला वासच नाही. लसणाचा किंवा सडक्या मासळीचा जो दर्प येतो, तो त्यात मिसळलेल्या इतर घटकांचा. हे घटक धान्यात शोषले गेले की दर्प संपतो, वायू मात्र उरू शकतो. भिंतीच्या फटीतून तो शेजारच्या खोलीतही जातो आणि झोपेतच जीव घेतो. नियमानुसारही या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायच्या. घरच्या दाण्याला कडक ऊन द्यावं, कोठी कोरडी ठेवावी.

कपाशीच्या फवारणीत समज उलटा असतो: वास जेवढा उग्र, औषध तेवढं जहाल. खरं तर पातळ औषधाचा वास पुष्कळदा त्यातल्या झायलीनसारख्या द्रावकाचा असतो. ॲसिटामिप्रिड या कीटकनाशकाच्या भुकटीला फारसा वास नाही, पण म्हणून काही ती उघड्या हातांनी कालवायची नसते.

सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला, जवळपास ३०० जण गेले. त्यानंतर तिथे वास मिसळण्याची सक्ती झाली. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचं आणखी वाईट. सडक्या अंड्यांचा त्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून आत उतरणारा माणूस तिथेच कोसळतो.

आणि थंडी. धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर आला की बंद न्हाणीघरात गॅस गिझर तासन्‌तास चालतो. धूर दिसत नाही, वास येत नाही, पण हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तात ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले, तर आधी दार उघडून बाहेर यावं. गिझर न्हाणीघराबाहेरच बसवून घ्यावा.