पोहताना सांधे कसे हलतात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रॉल पोहताना हात फिरतो तो केवळ खांद्याच्या उखळीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. हात खाली सोडलेल्या स्थितीतून बाजूने वर नेत कानाला टेकवला, तर तो सुमारे 180 अंश फिरतो. त्यातले साधारण 120 अंश उखळीच्या सांध्यात होतात. उरलेले 60 अंश पाठीवरचे खवाट्याचे हाड बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. खवाट्याची खळगीही फार उथळ असते. बशीत नारळ ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यावर टेकतो. त्याला जागेवर धरतात ते भोवतालचे चार स्नायू, त्यांचे कंडरे आणि अस्थिबंध. म्हणून मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक निखळतो तो खांदाच.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात भरणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत लांब पल्ल्याला हेच कंडरे हजारो वेळा ताणले जातात. धड दोन्ही कुशींवर आळीपाळीने कलवले, तर खांद्यावरचा भार हलका होतो. छाती सपाट ठेवून नुसते हात मारले, तर तो वाढतो. सांधे जितके सैल तितका खेळाडू सरस, हा समजही इथेच कोसळतो. सैल खांद्याला आवरणारे स्नायू बळकट नसतील, तर ती लवचिकता दुखापतीलाच आमंत्रण देते.

श्वासासाठी मान वर उचलावी लागते, असे नवशिक्यांना वाटते. खरे तर ती बाजूला वळवायची असते. या वळण्यातला जवळजवळ निम्मा भाग मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्यातच होतो. डोके उचलले की कंबर बुडते. समुद्रात दिशा पाहण्यासाठी ते उचलावे लागतेच, पण क्षणभर.

पाय मारणे गुडघ्याचे काम आहे, हा समज तारकर्लीत पायांत फिन चढवून पाण्यात उतरणाऱ्यालाही असतो आणि तो सायकल चालवल्यासारखा गुडघे दुमडत राहतो. फटका मुळात कमरेजवळच्या उखळीच्या सांध्यातून निघतो. गुडघा थोडासाच वाकतो आणि पाऊल घोट्यातून मागे ताणलेले राहते.

गुडघा फक्त बिजागरीसारखा दुमडतो, हेही पुरते खरे नाही. वाकलेल्या गुडघ्यात नडगी थोडी आत-बाहेर वळू शकते. पाय पूर्ण सरळ झाला की हे वळणे जवळजवळ थांबते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पावले बाहेर वळवून पाय झटक्याने मिटताना गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो, आणि ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचे दुखणे बहुतेक तिथेच असते.

पाण्याबाहेरही सांध्यांबद्दल असेच गैरसमज आहेत. तळहात उलटसुलट होतो तो मनगटात नव्हे. कोपर बरगडीला चिकटवून तळहात पालथा केला, तर कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाताना त्यावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांना जाणवते. पायातही तसेच: कबड्डीत पाऊल आत मुरगळते ते प्रामुख्याने घोट्याच्या खालच्या सांध्यात, दुखावतात मात्र बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध.

बोटे मोडताना होणारा कटकन आवाज हाडे घासल्याचा नसतो. सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब घटतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही. आवाजासोबत वेदना, सूज किंवा सांधा अडकणे असेल, तर तपासणी करून घ्यावी लागते.