दोन मजकूर-फायलींची तुलना : अदृश्य संकेतांकांचा दोष

फायलींच्या तुलनेत दिसावयास समान असलेल्या ओळी प्रोग्रॅमने भिन्न ठरविल्यास दोष बहुधा तर्कात नसून अदृश्य संकेतांकांत असतो. विंडोजमध्ये ओळीचा शेवट १३ व १० या दोन संकेतांकांनी, तर लिनक्समध्ये केवळ १० ने होतो. तुलनेपूर्वी ते काढून टाकावेत. मराठीत आणखी एक अडचण संभवते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ व हलन्त, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असा दोन प्रकारे लिहिता येतो. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने हा भेद मिटत नाही. एक रूप दुसऱ्यात बदलणारी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. अन्यथा प्रवेशयादी व परीक्षायादी ताडताना पात्र विद्यार्थी वगळला जाण्याचा धोका राहतो. यास्तव संशयित ओळींतील संकेतांक छापून पाहणे, ही दोषशोधाची पहिली पायरी होय.