बोलणी नसलेली सोयरीक

लेखमाला : पडद्यावरची माणसं, घरातली माणसं – भाग ४

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे सोयरीक जुळते ती बोलण्यांतून. आधी मध्यस्थ बोलतो, मग मामा बोलतो, मग दोन्हीकडची चार मोठी माणसं बैठकीत बसून बोलतात. शेती किती, संत्र्याची झाडं किती, मुलगा नोकरीला आहे की शेतीच बघतो, साक्षगंध कुणाकडे, वऱ्हाडाच्या गाड्या कोण करणार. या सगळ्याला मराठीनं नावच 'बोलणी' ठेवलंय. ज्या दोघांचं लग्न असतं, ती दोघं मात्र बहुतेक वेळ गप्प असतात.

आज ज्या चित्रपटाबद्दल लिहायचं आहे, त्यात नेमकी उलट मांडणी आहे. त्यातली दोघं फारसं बोलत नाहीत आणि त्यांची सोयरीक मरेपर्यंत टिकते. बोलणारे सगळे मात्र कशाचा ना कशाचा हिशेब करत बसलेले असतात.

मागच्या भागात आपण 'दोस्ती' (१९६४) पाहिला. एक मित्र आंधळा, एक पांगळा, आणि थिएटरात बसलेल्यांच्या हातात रुमाल. आजचा 'बर्फी!' १४ सप्टेंबर २०१२ रोजी पडद्यावर आला. दिग्दर्शक अनुराग बसू. नायक रणबीर कपूर, जन्मतः बहिरा आणि मुका. नायिका प्रियांका चोप्रा, झिलमिल नावाची स्वमग्न मुलगी. मारामारीच्या आणि टाळ्याखाऊ संवादांच्या चित्रपटांच्या त्या हंगामात या अबोल जोडप्यानं शंभर कोटींच्या वर धंदा केला. भारतानं ऑस्करसाठीही तोच पाठवला. लोकांना त्यात एवढं काय भावलं?

सुरुवात नावापासून करू. नायकाचं खरं नाव मर्फी. जुन्या मर्फी रेडिओच्या जाहिरातीतलं ते गोंडस बाळ आठवतं ना, त्याच्यावरून. ज्या पोराला आयुष्यात रेडिओ ऐकू येणार नाही, त्याला नाव मिळालं रेडिओचं. त्याला स्वतःला मर्फी म्हणता येत नाही, तोंडातून निघतं 'बर्फी'. मग सगळं दार्जिलिंग त्याला बर्फीच म्हणतं. आपल्याकडे बर्फी म्हटलं की नागपूरची संत्रा बर्फी आठवते, आणि मुक्या पोराला गावानं ठेवलेलं नाव म्हटलं की साधं 'मुक्या'. लंगड्याला लंगडा, चकण्याला चकणा. आपली गावं माणसाला त्याच्या उणिवेनं हाक मारतात. या चित्रपटातलं गाव त्याला त्यानंच उच्चारलेल्या नावानं बोलावतं. निम्मी माया तिथंच जुळते.

हा बर्फी बिचारा नाही. तो उनाड आहे, पोलिसांना गल्लीगल्लीतून पळवतो, पोरींच्या मागे लागतो. बापाच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून बँक लुटायला जातो, तेही जमत नाही तेव्हा झिलमिलला पळवून खंडणी मागायचं ठरवतो. अपंग माणूस म्हणजे एकतर संत नाहीतर भिकारी, अशी आपल्या पडद्याची जुनी सवय. हा गडी चुकतो, लबाडी करतो, पकडला जातो. म्हणून तो शेजारच्या घरातला वाटतो.

पळापळीचे काही प्रसंग चॅप्लिन आणि बस्टर कीटनवरून सरळ उचललेत, असा आरोप तेव्हा झाला. तो खोटा नाही. पण आठवा, आपला सिनेमा जन्मला तोच मुका. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा. म्हणजे अठरा वर्षं प्रेक्षक चेहऱ्यावरूनच गोष्ट समजून घेत होता. 'बर्फी!' बघताना ती जुनी सवय परत येते. संवाद नसले की आपण पडद्याकडे बघत बसतो, कान टवकारून नव्हे, डोळे लावून.

आता या चित्रपटाचं काळीज म्हणावं असा प्रसंग. आपलं माणूस खरंच आपलं आहे का, हे तपासायची बर्फीची एक पद्धत आहे. रस्त्याकडेचा लाकडी दिव्याचा खांब बुंध्याशी कापायचा आणि समोरच्याचा हात धरून तिथंच उभं राहायचं. खांब कडकडत येतो आणि अगदी पुढ्यात कोसळतो. मित्र पळतो. श्रुती, जिच्यावर बर्फीचं पहिलं प्रेम, तिचा हात शेवटच्या क्षणी सुटतो. झिलमिल मात्र हलतही नाही.

कुणी म्हणेल, तिला धोका कळलाच नसेल. शक्य आहे. पण पुढचा सगळा चित्रपट त्या शंकेला उत्तर देत जातो. श्रुती बर्फीवर प्रेम करत असूनही चार शहाण्या माणसांसारखा विचार करते आणि ठरलेल्या, सुरक्षित घरी लग्न करून जाते. झिलमिलच्या नावावर आजोबांची इस्टेट आहे, तर तिचा बापच त्या पैशासाठी तिच्या अपहरणाचा बनाव रचतो. ज्यांना बोलता येतं, त्यांची अशी बोलणी चालू असतात. झिलमिलला एवढंच येतं, की हा माणूस दिसला नाही तर शोधायचं आणि सापडला की सोडायचं नाही.

आणि बोलण्याची खरी किंमतही चित्रपटानं एका जागी दाखवली आहे. शेवटाकडे झिलमिल मागून बर्फीला हाक मारते. त्याला ऐकू येणार नाही. ऐकू येतं ते शेजारी उभ्या असलेल्या श्रुतीला. ती गप्प राहिली असती तर बर्फी तिचाच होता. ती त्याला मागे वळायला लावते. सगळ्या चित्रपटात कान असलेल्या माणसानं कानाचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्यांदा केलेला नाही.

खांबाखालचं ते उभं राहणं आपल्या भागात वेगळं पोचतं, आणि त्याला कारण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, घरोघरी पोरांचा तान्हा पोळा असतो, आणि आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोट्यांचा पाऊस. यामागं सांगितली जाते ती प्रेमाचीच गोष्ट. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. दोन्ही काठांवरून दगड सुटले आणि दोघं मधल्या पाण्यातच गेली. त्यांना नावं नाहीत. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल, तेही कुणी सांगत नाही. हात सुटले नाहीत, एवढंच गावानं शतकानुशतकं लक्षात ठेवलं.

म्हणून खांब कोसळताना झिलमिल उभी राहते, तेव्हा आपल्याला ते दार्जिलिंगचं वाटत नाही. आपण ती गोष्ट पोळ्याच्या पाडव्याला ऐकत वाढलोय. कडू भाग असा, की त्या दोघांच्या आठवणीत आपण जे करतो, त्यात कुणाचा डोळा गेला, कुणाचा पाय, कुणाचा जीव. रबरी चेंडू वाटून झाले, जमावबंदी लावून झाली, गोटे थांबले नाहीत. प्रेमाच्या गोष्टीतून दरवर्षी नवं अपंगत्व घडवणारं गाव 'बर्फी!' बघून हळहळतं, याचा विचार आपणच करायला हवा.

चित्रपटाचं सगळं गोडच मानू नये. साध्या सुखाची गोष्ट सांगताना त्यानं अवघड पायऱ्या वगळल्या. बर्फीची शाळा दिसत नाही, झिलमिलला कामधंदा नाही. दोघांच्या भूमिकाही धडधाकट नटांनी केल्या. आपल्या विदर्भातल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभं केलं. तिथं कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांची लग्नं लागली, घरं उभी राहिली, आणि 'स्वरानंदवन'च्या मंचावर ती माणसं स्वतः गायली, नाचली. 'बर्फी!'ला ते साधलं नाही.

कायद्याचंही असंच उशिरा झालं. १९९५च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. २०१६च्या कायद्यानं एकवीस प्रकार मानले, त्यात ते आलं. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा त्या यादीत झिलमिलला जागा नव्हती. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल निकाल देताना एक साधा फरक सांगितला : अपंग माणसाला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून देणारा विनोद वेगळा. 'बर्फी!' दुसऱ्या बाजूचा आहे. आपण बर्फीला हसत नाही, त्याच्यासोबत हसतो.

हात न सोडणारी साथ आपल्याकडे नाही असं नाही. सौंसरजवळच्या जामसावळीला, झोपलेल्या मारुतीच्या देवळात, मनानं बिघडलेल्या माणसांना आणतात. त्यांनी डॉक्टरकडेही जावं, हे आधी. पण तिथं दर अशा माणसाशेजारी त्याचा हात धरून बसलेली आई किंवा भाऊ दिसतो. ते उठून जात नाहीत. झिलमिलनं केलं ते हेच.

पुढच्या भागात सई परांजपे यांचा 'स्पर्श' घेऊ. त्यातला अंध मुख्याध्यापक दयेवर चिडतो, आणि ते समजून घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. तोवर एकच सांगणं. घरात पाहुणे सोयरिकीला आले की मुकं, अधू, स्वमग्न लेकरू आपण मागच्या खोलीत ठेवतो, थोरल्या बहिणीचं जमायचं राहील म्हणून. या हंगामात ते दार लावू नका. त्याला बैठकीत आणून बसवा आणि त्याचं नाव सांगून ओळख करून द्या. त्याला पाहून जो पाहुणा उठून जाईल, त्याच्याशी बोलणी पुढे न्यायचं कारण उरत नाही.