काडाची परसबाग

पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके संत्र्याचे आणि कापसाचे. छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ साली वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा याच दोन तालुक्यांचा बनला आहे. या भागात शिवारात संत्र्याच्या बागा उभ्या असतात. पण रोजच्या भाजीसाठी पुष्कळ घरांना आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते. याचे कारण केवळ आळस नव्हे. घरामागची जागा अनेकदा मुरमाड असते, किंवा माणसांच्या आणि जनावरांच्या वावराने तुडवून टणक झालेली असते. जेथे कुदळ शिरत नाही, तेथे वांग्याच्या मुळाने कसे शिरावे?

उलट, मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की शेतात उरलेले काड ठिकठिकाणी पेटवून देण्यात येते. मध्य प्रदेशात याला नरवाई जाळणे म्हणतात. घरात जे हवे आहे, ते शेतात अशा रीतीने धुरावाटे जाते.

काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे कठीण जमिनीवर मांडावेत आणि ते कुजू लागल्यावर त्यांतच रोपे लावावीत, ही पद्धत अमेरिकेतील जोएल कार्स्टेन यांनी लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी असलेले कुजण्याचे शास्त्र मात्र येथे परके नाही. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत सिद्ध केली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली.

नुसत्या काडात रोप लावले तर ते पिवळे पडते. वीस किलो काडात सुमारे ८ किलो कर्ब, तर नत्र अवघे १०० ग्रॅम असते. म्हणजे ८० भागांस १ भाग. काड कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना सुमारे ३० भागांमागे १ भाग नत्र लागते. ही उणीव ते रोपाच्या तोंडचा घास काढून भरतात. म्हणून आधी काडाला पोसावे, मग ते घराला पोसते.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की गठ्ठे उन्हाच्या जागी मांडावेत. भिजविण्याचे निम्मे काम आभाळच करते. गठ्ठे बांधणारे यंत्र नसेल, तर तुराट्यांची गुडघाभर उंचीची चौकट करून तीत काड तुडवून भरावे. पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. तीन दिवस काड चिंब भिजवावे. नंतर दर गठ्ठ्यावर एक दिवसाआड मूठभर युरिया, अशा तीन-चार मात्रा द्याव्यात व वर पाणी घालावे. युरिया नको असेल, तर शेणकाला आणि पाणी मिसळलेले गोमूत्र चालते. मात्र अधिक दिवस लागतात. काड आतून चांगलेच तापते. ते निवून हाताला कोमट लागले की खड्डे करून त्यांत माती व शेणखत भरावे आणि वांगी, टोमॅटो, मिरची लावावी. भेंडी आणि चवळीही येते; मुळा-गाजर येथे साधत नाही.

काही पथ्ये पाळावी लागतात. गठ्ठे घराच्या भिंतीला लावून ठेवू नयेत; ओल्या काडाला वाळवी येते आणि विंचूही आसरा घेतो. ज्या शेतात तणनाशक फवारले असेल, तेथील काड घेण्यापूर्वी त्यात चार चवळीचे दाणे पेरून पाहावेत. पाने वाकडी आली तर ते काड बागेला घेऊ नये. पाऊस उघडला की रोज पाणी द्यावे लागते, कारण काड मातीपेक्षा लवकर सुकते.

सर्वांत मोठे पथ्य गोठ्याचे आहे. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार हा बैलांचा घास होय. भाजीसाठी तो हिरावून घेणे शहाणपणाचे नाही. बागेने शेतात जळणारे काड आणि गव्हाणीतले उष्टे एवढेच मागावे.

हंगाम संपेपर्यंत गठ्ठा बसून काळा, भुसभुशीत होतो. तो संत्र्याच्या आळ्यात घालता येतो, किंवा त्याच जागी पसरता येतो. दरवर्षी असे थर पडत गेले, तर काही वर्षांत त्या टणक अंगणात कुदळीला वाट मिळू लागेल. धुरात जाणारे काड असे घरासाठी माती होऊन राहते.