मांजरीला कसले आले सलाईन?

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवरून आम्ही महिन्यातून एकदा तरी जातो. हातात टोपली, टोपलीच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधलेला आणि आत एक काळी मांजर. बिहार-बंगालपासून ते आपल्या बीड-परभणीपर्यंतची माणसे तिथे पथाऱ्या टाकून बसलेली असतात. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्यावर एक केस नाही. त्यांच्यातून वाट काढत आम्हाला पुढे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या हॉस्पिटलात जायचे असते. खरे सांगतो वाचकहो, तेवढी पावले चालताना आमची मान वर होत नाही.

मागच्या महिन्यात चळवळीतले आमचे एक जुने सहकारी याच रस्त्यावर भेटले. जयभीम झाला. टोपलीत काय म्हणून त्यांनी विचारले, आम्ही सांगितले. मूत्रपिंडाचा विकार आहे, घरी दिवसाआड सलाईन लावतो, हेही सांगून टाकले. ते फुटपाथकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुमच्या मांजरीला सलाईन? ही श्रीमंतांची थेरं आपल्यात कधी शिरली?"

प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर द्यायचे तर सुरुवातीपासून सांगावे लागेल.

नायगावच्या बीडीडी चाळी आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या, मोर्चाला गेल्या. पुनर्विकासासाठी इमारती टप्प्याटप्प्याने रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा लोकांनी कपाटे नेली, पंखे उतरवून नेले, दाराच्या कड्यासुद्धा काढून नेल्या. मांजरे तेवढी मागे राहिली. आमच्या ओळखीच्या एक आजी तिथे राहत, गिरणी कामगाराच्या विधवा. त्यांनी ही मांजर कैक वर्षे सांभाळलेली. नाव राणी. आजी मुलाकडे विरारला जायला निघाल्या आणि सुनेने निरोप धाडला, काळी मांजर घरात चालणार नाही.

इथे थोडे थांबतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या लोकांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या पाठ असलेला, व्यासपीठावर अंधश्रद्धेवर तासभर बोलणारा कार्यकर्ता काळी मांजर आडवी गेली की हळूच तीन पावले मागे सरकतो, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. विचारले तर म्हणतो, "तसं काही नाही, चपलेत खडा गेला." रंगावरून आणि जन्मावरून अपशकुनी ठरवले जाणे म्हणजे काय, हे ज्यांना सांगावे लागू नये त्यांच्याच जिन्यात राणीला लाथ बसली. असो. आजी रडत होत्या. आमच्या पत्नी म्हणाल्या, आमच्याकडे राहील. आम्हाला कोणी विचारले नाही.

पिल्लू आणणे वेगळे आणि म्हातारी मांजर आणणे वेगळे. पिल्लू तुमच्या घराला शिकून घेते. म्हातारी मांजर आपले घर सोबत घेऊन येते. पहिले चार दिवस राणी कपाटाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी आली ती थेट ओट्याखालच्या सुकटीच्या डब्यापाशी. तेव्हा कळले, आजींकडे तिचा रोजचा खुराक सुकट-भात. दूध ती हुंगतही नसे. मांजर म्हणजे दूध हे आपण शाळेच्या पुस्तकात शिकलो, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतच नाही, जुलाब होतात. राणीला हे कोणी न शिकवता कळले होते. दुपारी आम्ही वर्तमानपत्र उघडले की ती नेमकी अग्रलेखावर येऊन बसे. पेपरवाल्यांच्या घरी राहून तिला वाचकांची नस सापडली, असे पत्नी म्हणत.

मग तिचे पाणी वाढले. वाटी संपवायची, बाथरूमच्या बादलीत तोंड घालायची, रात्री मोरीत जाऊन नळाखाली बसायची. अंगावरचे केस राठ झाले, पाठीचा कणा हाताला लागू लागला. शेजारी म्हणाले, उन्हाळा आहे. दुसरे म्हणाले, वय झाले.

हे "वय झाले" आम्ही पूर्वी ऐकले आहे. १९९४ साली गावी आमची आई अशीच रात्री उठून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची. वाळत चालली होती. आम्ही मुंबईत नोकरीत, संघटनेच्या कामात. गावचे डॉक्टर म्हणाले वय झाले, भावकी म्हणाली वय झाले, आणि आम्हीही पत्रात लिहिले की आईला जपा, आता वय झाले. तिला मुंबईला आणली तेव्हा साखर चारशेच्या वर होती आणि दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले होते. पुढची सात वर्षे ती आमच्या घरी भिंतीला हात लावून चालली. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

म्हणून मांजरीचे पाणी आम्ही मोजू लागलो.

जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर हातही लावला नाही. लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "म्हातारी आहे. कशाला पैसे घालवता? त्रास फार वाटला तर आणा, इंजेक्शन देऊन टाकू." फी मात्र पूर्ण घेतली. आम्ही टोपली उचलली आणि परळ गाठले. तिथे १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यालाच लागून जनावरांचे हॉस्पिटल. गाडीला जुंपलेले घोडे, गोठ्यातल्या म्हशी, रस्त्यावरची कुत्री, सगळ्यांची रांग. आमचा नंबर आला. तरुण डॉक्टर बाईंनी दात पाहिले, डोळे पाहिले, वजन केले. पावणेतीन किलो. वय बारा-तेराच्या आसपास, म्हणजे माणसाच्या हिशेबाने पासष्टीच्या घरात. आमच्याच वयाची निघाली. रक्त तपासले, क्रिएटिनिन ३.४. "वय हा काही आजार नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत. बऱ्या होणार नाहीत, पण दिवस चांगले जाऊ शकतात."

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी मांजरे आहेत. मांजराचा पूर्वज वाळवंटी मुलखातला. थोड्या पाण्यावर भागवायचे, लघवी घट्ट करून पाणी अंगात राखायचे, ही त्याच्या मूत्रपिंडाची करामत. म्हातारपणी हेच मूत्रपिंड झिजते, पाणी धरून ठेवता येत नाही, आणि जेवढे बाहेर जाते तेवढे भरून काढायला मांजर पीतच राहते. वाईट भाग असा की दोनतृतीयांशाहून अधिक काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे दिसत नाही. मांजर दुखणे लपवते. म्हणून मांजर म्हातारे झाले की पाणी किती पिते आणि वजन किती घटते याकडे लक्ष ठेवावे.

सुकट बंद झाली. खारवलेली, वर काट्याकवचासकट, म्हणजे मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर, आणि बिघडलेल्या मूत्रपिंडाला दोन्ही नकोत. पथ्याचे खाणे महाग, तरी आणले; राणीने त्याकडे ढुंकून पाहिले नाही. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतावर चरबी चढून दुसरेच संकट उभे राहते, त्यामुळे तिच्यापुढे सत्याग्रहाला बसण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांना विचारून तडजोड झाली: उकडलेली कोंबडी, त्यात अंड्याचा पांढरा भाग, आणि वरून पथ्याच्या खाण्याचा चुरा, लपवून.

आता ते सलाईन. रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची बाटली, माणसांच्याच औषधाच्या दुकानात मिळते. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला टांगायची. पत्नी राणीला मांडीवर घेतात. मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलायची, तंबूसारखी, आणि त्या तंबूत सुई घालायची. शिरेत नव्हे, कातडीखाली. शंभर मिली गेले की खांद्यावर पाण्याचे कुबड येते आणि काही तासांत जिरते. पहिल्या दिवशी आमचा हात इतका थरथरला की सुई कातडीतून आरपार गेली आणि अर्धे सलाईन आमच्या लेंग्यावर सांडले. राणीने आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याला काय म्हणावे हे लिहिण्याचा पेशा असूनही आम्हाला सुचत नाही. आता जमते. दिवसाआड, रात्रीच्या बातम्यांच्या वेळी.

पावसाळ्यात एके सकाळी ती टेबलाच्या पायाला धडकली. मग दाराला. डोळे टक्क उघडे, बाहुल्या मोठ्या काळ्या झालेल्या आणि तोंडापुढे हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. आम्ही मटकन खाली बसलो. पुन्हा परळ. मूत्रपिंडाच्या दुखण्यात मांजराचा रक्तदाब चढतो आणि डोळ्याचा पडदा सुटतो. पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून दाब मोजला. औषध लिहून दिले अम्लोडिपिन. आम्ही स्वतः गेली नऊ वर्षे तीच गोळी घेतो! आमची पाच मिलिग्रॅमची, तिची अडीचची आणि तीही पाव. सकाळी ब्लेडने गोळीचे चार तुकडे करायचे हे काम आमच्याकडे आहे. चष्मा लावून, पांढऱ्या कागदावर. दृष्टी पूर्ण आली नाही, पण उजेड-सावली कळते असे वाटते. वस्तू जागच्या जागी असल्या की ती बरोबर फिरते. घरात खुर्चीसुद्धा सरकवायची नाही, असा नियम आम्ही केला. केल्यावर लक्षात आले, हा नियम या घरात पूर्वीही होता.

माणसांची गोळी मांजराला चालली म्हणून कोणी आपल्या मनाने औषध देऊ नये, हे बजावून सांगतो. शेजारच्या काकू प्रेमापोटी तापाची गोळी घेऊन आल्या होत्या. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला मोडताच येत नाही. रक्त प्राणवायू वाहणे सोडते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, एका गोळीने जीव जातो. काकूंना हे सांगितले तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी कोंबडीची वाटी घेऊन आल्या.

तर आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. सलाईन, सुया, गोळ्या, कोंबडी धरून महिन्याला खर्च अडीच हजाराच्या आसपास. आमच्या पेन्शनमध्ये ही रक्कम लहान नाही. ती कोणत्याही निधीतून जात नाही. आमची रविवारची मच्छी आणि पत्नीच्या दोन साड्या त्यात गेल्या. फुटपाथवरच्या माणसाला औषध मिळत नाही ते राणीने खाल्ले म्हणून नाही. ते कोणी खाल्ले हे आमच्या सहकाऱ्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे, त्यावर याच पानावर आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. लग्नात डीजे आणि फटाक्यांवर लाख उडवणाऱ्याला हा प्रश्न फुटपाथकडे बोट दाखवून कोणी विचारत नाही. आणि श्रीमंतांच्या थेरांचे म्हणाल, तर राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र पाहावे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव आणि सोबत टॉबी नावाचा कुत्रा.

एवढे सगळे त्यांना रस्त्यात सुचले असते तर बोललो असतो. सुचले नाही. ते गेले आणि आम्ही मान खाली घालून चालू लागलो, तोच पथारीवरच्या एका गृहस्थाने हाक मारली. "काय हाय वो टोपलीत?" परभणीकडचे. बायकोला घेऊन दीड महिन्यापासून तिथेच. आम्ही संकोचाने सांगितले. त्यांनी फडके बाजूला करून पाहिले आणि बायकोला उठवले. "बघ गं, आपल्यावानीच तपासाया आलीया." त्या बाईंनी पडल्या पडल्या हात पुढे केला, राणीने तो हुंगला. घरी त्यांचीही एक आहे म्हणे, जावेकडे ठेवून आल्यात. ती खाते की नाही हे विचारायला रोज फोन करतात. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. त्यांच्यासाठी दोन चहा आणि बिस्किटाचा पुडा आणला. याहून जास्त काही आम्ही केले नाही.

या वेळचे क्रिएटिनिन ४.१ आले. डॉक्टर बाई म्हणाल्या, खाते आहे, अंग चाटते आहे, तोवर चालू ठेवा. ती खाणे सोडेल आणि अंग चाटणेही सोडेल तेव्हा आपण बोलू. ते बोलणे काय असेल हे आम्हाला कळले. तेव्हा ते इंजेक्शन आम्ही नाकारणार नाही, पण तिला हात न लावता दिलेले ते नसेल.

विरारच्या आजींचा काल फोन आला होता. राणीला सुकट देता ना, त्यांनी विचारले. आम्ही हो म्हणालो. आज सलाईनचा दिवस आहे आणि बाटलीत शेवटचे शंभर मिली उरले आहे.