हक्क एकाचा, कर्तव्य कोणाचे?

नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांची यादी मुलांकडून पाठ करून घेणे अवघड नाही. परंतु यांपैकी एखादा हक्क पाळावयाचा कोणी, असे विचारताच वर्ग निरुत्तर होतो. आणि खरे सांगावयाचे तर आपण शिक्षकही क्षणभर थबकतो. एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्या कोणावर तरी आलेले बंधन होय. हा दुसरा कोण, हे ठरत नाही तोवर हक्क कागदावरच राहतो.

वऱ्हाडातील मुलांस हे समजावून देण्यास पाण्यासारखे उदाहरण नाही.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही अस्पृश्य मानलेल्या लोकांस तेथे पाणी घेता येत नव्हते, कारण आडवे न येण्याचे आपले कर्तव्य गावाने मानलेच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी आपल्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला. त्यातील एक अग्रणी डॉ. पंजाबराव देशमुख पुढे, १९२८ साली, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. सत्याग्रहात जे मागितले, ते अधिकारपदावर येताच स्वतःचे कर्तव्य म्हणून करावयाचे, हे सर्वांस साधते असे नाही.

पुढे संविधानाने हेच कलम १५ व १७ मध्ये नमूद केले. बहुतेक मूलभूत हक्क शासनास बांधतात. परंतु सार्वजनिक विहिरीवर जातीमुळे कोणास अडवू नये, हे बंधन तुम्हांआम्हांवरही आहे. १९५५ च्या कायद्याने तर असे अडविणे दंडनीय ठरविले.

तथापि न अडविल्याने सारे कर्तव्य संपते काय? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, तेल्हारा या बाजूस, पुष्कळ विहिरी सर्वांस खुल्या आहेत. पण त्यांचे पाणी खारट! तेथे कोणी वाट अडवीत नाही, तरी मुलास पिण्यास पाणी मिळत नाही. अशा ठिकाणी हक्काची पूर्तता करण्यास धरण, नळ व देखभाल लागते, आणि ते काम शासनाने व स्थानिक संस्थांनी करावयाचे असते. एक कर्तव्य हात आवरण्याचे, दुसरे हात चालविण्याचे. मुलांस हा भेद उदाहरणाने चटकन उमगतो, व्याख्येने उमगत नाही.

आता शाळेकडे वळू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेत सुरक्षित पाण्याची सोय असावी, असे त्याच्या परिशिष्टात आहे. कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ वर्ज्य आहे. पहिले कर्तव्य मुख्यतः शासनाचे व स्थानिक संस्थेचे, दुसरे मात्र सर्वस्वी आपले. त्यास निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. माठ कोण भरतो, ओगराळे कोणाच्या हाती असते, वर्ग झाडण्यास रोज त्याच मुली का उठतात? पाळीपत्रक लावलेले असले तरी आठवडाभर प्रत्यक्ष काय घडते ते टिपून ठेवावे, आणि मग तोच कागद नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गापुढे ठेवावा.